रविवारची गोळी

सुनेला पहिल्यांदा थंडी भरली तेव्हा ती माझ्या शेजारी बसून वालाच्या शेंगा निवडत होती. दुपारची वेळ. हैदराबादेत विद्यानगरच्या आमच्या घराच्या गॅलरीत चांगलं ऊन आलेलं. ती म्हणाली, "आई, पंखा बंद करा ना जरा." पंखा बंदच होता. मी वर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातातली शेंग थरथरत होती.

तिला तिसरा महिना होता.

मी तिला धरून आत नेलं, निजवलं, अंगावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या रजया घातल्या. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. ती काहीतरी बोलायला बघत होती पण शब्द तुटत होते. पलंगाचा लाकडी माथा भिंतीला लागून टक्‌ टक्‌ वाजायला लागला, आणि तो आवाज ऐकला तशी मी दारातच खाली बसले. मुलगा ऑफिसात होता. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात आम्ही दोघीच.

अंगात थंडी भरलेल्या गरोदर बाईची खाट कशी वाजते, ते मला लहानपणापासून माहीत आहे.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. आम्ही गौलीगुड्यात दोन खोल्यांत राहायचो. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. आईला सातवा महिना होता, म्हणून आत्या परभणीहून येऊन राहिली होती. त्या वर्षी सगळ्या गल्लीत हिवताप होता. फवारणीवाले येऊन भिंतींवर पांढरे डाग पाडून जायचे, तरी घरोघर कोणी ना कोणी पडलेलं. आईला एका दिवसाआड ताप यायचा. दुपार कलली की तिची नजर बदलायची, आणि थोड्या वेळानं ती लोखंडी खाट शहाबादी फरशीवर खडखडायला लागायची. मी तिच्या पायांवर बसायचे, खाट हलू नये म्हणून. माझा धाकटा भाऊ, पाच-सहा वर्षांचा, कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसायचा.

वडिलांनी दवाखान्यातून गोळ्या आणल्या. कागदाच्या पुडीत होत्या, पांढऱ्या. आईनं घेतल्या. तिचं तोंड कडू झालं, तिला उलटी आली, परत दिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. शेजारच्या बायका आल्या, आम्हा दोघांना बाहेर काढलं. बाळ मेलेलंच जन्मलं. मुलगा होता, असं नंतर कळलं. वडील त्याला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले आणि दुपारी रिकाम्या हातांनी आले. तेव्हा आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "कडू गोळीनं लेकरू घालवलं."

वडिलांनी चपला काढल्या, पाय धुतले, आत गेले.

पण त्यानंतर ते कधी औषधाच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. मी मोठी झाले, नोकरीला लागले, तरी तसंच. घरात कोणाला काही लागलं तर ते माझ्याबरोबर दुकानापर्यंत यायचे, रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे आणि म्हणायचे, "तू जा, तू घे." मी पुडी घेऊन आले की तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ते गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. त्या बाळाचा विषय घरात पुन्हा कधी निघाला नाही, ना आईच्या तोंडून, ना त्यांच्या.

हे सगळं मनात घेऊन मी सुनेबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले. मुलगा ऑफिसातून परस्पर आला. डॉक्टरीणबाई तेलुगू, वयानं माझ्याहून थोड्या लहान, माझ्याशी आपल्या हैदराबादी हिंदीत बोलणाऱ्या. रक्त तपासलं. रिपोर्ट संध्याकाळीच आला. मलेरिया होता.

"तीन दिन की गोली है अम्मा, डरनेका नै," त्या म्हणाल्या.

"कडू असते ती?" मी विचारलं.

"हौ, कडवी है." त्या हसल्या. त्यांना वाटलं मी चवीचं विचारतेय.

ते तीन दिवस मी सुनेच्या खोलीबाहेरच होते म्हणा ना. ती बाथरूमला गेली की मी दाराशी. तिच्या साडीला, चादरीला कुठे डाग तर नाही, हे मी तिच्या नकळत बघत होते. ताप उतरला. पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाचे ठोके ऐकू आले. मुलानं ते फोनवर रेकॉर्ड करून आणले होते, मला ऐकवले. मी ऐकले आणि उठून देवापुढे दिवा लावला. सुनेला माझ्या आईची गोष्ट सांगितली नाही. पोटुशीपुढे असलं काही बोलायचं नसतं, एवढं मला कळत होतं.

वाटलं, संपलं.

संक्रांतीला आमच्या भागात पोरं गच्च्यांवरून उतरतच नाहीत. सूनही गच्चीवर गेली होती, नवऱ्याचा पतंग बघायला. पाचवा महिना लागला होता, पोट दिसायला लागलं होतं. ती खाली आली ती कठड्याला धरून, एक एक पायरी उतरत. ओठ निळसर. मला बघून म्हणाली, "आई, परत."

एवढंच म्हणाली. मी मुलाला हाक मारून गच्चीवरून खाली बोलावलं.

पुन्हा रक्त, पुन्हा तोच रिपोर्ट. मुलगा चिडला होता, शेजारी इमारतीचं काम चाललंय, पाण्याची टाकी उघडी असते, तक्रार करतो म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी त्याला थांबवलं. हा नवा डास नाही, म्हणाल्या. पहिल्याच तापाचं हे पुढचं पान आहे. या जातीच्या मलेरियाचे काही जंतू यकृतात जाऊन झोपून राहतात. रक्तातले गोळीनं मरतात, पण ते आत झोपलेले तसेच राहतात. महिन्यानं, दोन महिन्यांनी कधीतरी जागे होतात आणि रक्तात उतरतात.

"मग त्यांना मारायचं औषध नाही?" मुलानं विचारलं.

"आहे. पण पोटात बाळ असताना ते देता येत नाही. बाळाच्या रक्ताला धोका होऊ शकतो. ते डिलिव्हरीनंतर. तोपर्यंत हीच गोळी, दर आठवड्याला. म्हणजे ते जागे होऊन बाहेर आले तरी ताप यायच्या आत मरतील."

"दर आठवड्याला?" मी म्हणाले. "किती आठवडे?"

"डिलिव्हरीपर्यंत, अम्मा."

घरी आल्यावर माझा धीर सुटला. मी मुलाला स्वयंपाकघरात बोलावून म्हटलं, ताप आला की द्या ना औषध, ताप नसताना चांगल्या बाईला दर आठवड्याला विष कशाला? दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला, आई, तू तीस वर्षं शाळेत शिकवलंस, तू असं बोलतेस? मी म्हटलं, शिकवलं म्हणून काय भीती वाटायची थांबते? आमचे आवाज चढले असावेत. मागे वळून पाहिलं तर सून दारात उभी.

तिचं माहेर इथलंच. तिची मराठी म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी तेलुगू, मधे मधे इंग्रजी. मराठी वाचायला दिलं तर अक्षर अक्षर लावते. पण त्या दिवशी जे बोलली ते अगदी साफ बोलली.

"आई, तुम्ही मला सारख्या बघता. मी बाथरूमला गेले तरी तुम्ही बाहेर उभ्या असता. तुम्ही एवढ्या घाबरल्या की मला पण खूप भीती वाटते. काय आहे ते सांगून टाका ना. न सांगता घाबरवू नका."

मी मुलाकडे पाहिलं. त्यालाही काही माहीत नव्हतं. मग तिथेच, कणकेच्या डब्यावर हात ठेवून, मी सांगितलं. खाट सांगितली, पुडी सांगितली, टॉवेल सांगितला. आत्याचं वाक्य सांगितलं. सांगताना मी सुनेच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

पोटावर दोन्ही हात होते तिचे. मग म्हणाली, "चला, डॉक्टरांना हेच विचारू. मी पण येते. माझ्यासमोर विचारा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. मी माझ्या आईची गोष्ट डॉक्टरीणबाईंना सांगितली. त्यांनी मधे तोडलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "गोळी घ्यायच्या आधी ताप किती दिवस येत होता?"

"बरेच दिवस. पंधरा दिवस तर नक्की. जास्तच असेल."

"अम्मा, मी तिथं नव्हते. इतक्या वर्षांनी शपथेवर मी काही सांगणार नाही. पण तो ताप स्वतःच बाळाला मारू शकतो. आईचं रक्त कमी होतं, वारेतून बाळाला मिळायला पाहिजे ते मिळत नाही. तुमच्या आईला गोळी लवकर मिळाली असती तर कदाचित ते बाळ राहिलं असतं. गोळी उशिरा आली आणि बाळ गेलं, मग लोकांना वाटलं गोळीनंच गेलं. मला हेच जास्त खरं वाटतं."

मी खुर्चीत बसूनच राहिले. मला आईची आठवण आली नाही. मला रस्त्याच्या पलीकडे उभे असलेले वडील दिसले, पिशवी धरून, दुकानाकडे पाठ करून.

रविवारी दुपारच्या जेवणानंतर गोळी, असं ठरलं. दोन घ्यायच्या एकदम. जेवणात त्या दिवशी मी तेल-तिखट कमी करायचे, कारण रिकाम्या किंवा बिघडलेल्या पोटी सुनेला त्या गोळीनं मळमळायचं. एकदा घेतल्या घेतल्या तिनं ओकून टाकल्या. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी परत द्यायला सांगितल्या. दुसऱ्यांदा घेताना ती रडली. तळहात आणि तळपाय इतके खाजायचे तिचे की रात्री मुलगा ओल्या फडक्यानं पुसून द्यायचा.

डॉक्टरीणबाईंचं मला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि भीती जाणं वेगळं. सोमवारी सकाळी मी उठायचे ती आधी तिच्या खोलीकडे कान लावून. ती हसली, बोलली, की जीव भांड्यात पडायचा. बाळ लाथा मारायला लागलं होतं. ती मला हात लावून बघायला सांगायची आणि मी लावायचे, पण मनात हेच की रविवारपेक्षा जोर कमी तर नाही? हे मी कोणाला सांगितलं नाही. हळूहळू मात्र, महिना दीड महिना गेल्यावर, ताप आला नाही, बाळ वाढतंय असं दर वेळी कळत गेलं, तसा मला रविवारचा थोडा आधार वाटायला लागला. गोळी पोटात गेली की आता आठवडाभर काळजी नाही, असं मी स्वतःला सांगायला शिकले.

आणि तेव्हाच ती गोळी दुकानांतून नाहीशी झाली.

करोना आला होता. टीव्हीवर दिवसभर तेच. मलेरियाची गोळी त्याच्यावर चालते, असं कुठूनतरी आलं आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. आम्हाला कल्पनाच नव्हती. घरातली पट्टी संपली म्हणून मुलगा कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, तर दुकानदारानं हात हलवला. पुढच्या दुकानात तेच. "सब उठाके ले गए साब." लगेच लॉकडाऊन लागला. मुलगा स्कूटर घेऊन, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवत, नल्लाकुंटा, बरकतपुरा करत कोठीपर्यंत जाऊन आला. कोठीत औषधांची ठोक दुकानं, तिथं तरी मिळेल वाटलं होतं. अर्धी बंद होती, उरलेल्यांत नव्हती. या शहरात जगभराची औषधं बनतात म्हणतात, आणि आमच्या घरात दोन गोळ्या नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना बंद होता, फोनवर भेटल्या. म्हणाल्या, मी पण विचारते सगळीकडे. एक-दोन दिवस पुढे गेलं तर घाबरू नका, पण शोधणं सोडू नका. आणि थंडी वाजली तर वाट न बघता रक्त तपासा.

"रक्त तपासायला कुठं जायचं?" मुलानं विचारलं. "लॅब बंद आहेत."

"हॉस्पिटलात यावं लागेल," त्या म्हणाल्या. आणि हॉस्पिटलात तेव्हा करोनाचे रोगी यायला लागले होते.

तो रविवार आला. आम्ही जेवलो. सुनेनं सवयीनं पाण्याचा पेला भरून ठेवला होता. तो तसाच टेबलावर राहिला. कोणी उचलला नाही.

तो आठवडा मी कसा काढला, मलाच माहीत. ज्या गोळीला मी विष म्हटलं होतं, तिच्यासाठी मी देवाला हात जोडत होते. सुनेला सातवा महिना चालू होता. माझ्या आईला सातवाच होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बाहेर रस्त्यावर माणूस नाही, गाडी नाही, इतकी शांतता की पलीकडच्या गल्लीतला भांड्यांचा आवाज यायचा. त्या शांततेत मी पलंग वाजतोय का ते ऐकत बसायचे.

मंगळवारी संध्याकाळी सून आंघोळ करून बाहेर आली आणि तिच्या दंडावर काटा उभा राहिलेला मला दिसला. मी तिचा हात पकडला.

"थंडी वाजते?"

"आई, आत्ता आंघोळ केली ना."

"खरं सांग."

"खरंच सांगते." पण तिचाही आवाज बदलला होता. तिनं स्वतःच थर्मामीटर मागितला. आम्ही दोघी पलंगावर बसलो, तिनं काखेत धरला आणि मी तिचा दुसरा हात धरला. ताप नव्हता. थोड्या वेळानं परत लावला. नव्हता. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "मेरेकू बहुत डर लग रहा आई." हिंदीत बोलली, जशी ती तिच्या मैत्रिणींशी बोलते. मी म्हटलं, "मलाही."

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. तोच माझा धाकटा भाऊ. गौलीगुड्यातच राहतो अजून, जुन्या घरापासून जवळच. त्याला साखरेचा आजार आहे, हृदयाचं ऑपरेशन झालेलं. बायको म्हणते तो त्या दिवसांत दाराची कडीसुद्धा साबणानं धुवायचा. फोनवर इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "अक्का, तुम्ही लोक काही घेऊन ठेवलं की नाही? मी तर ती करोनावर चालते म्हणतात ती गोळी आणून ठेवली. टीव्हीवर सांगतात ती लांबलचक नावाची मिळाली नाही, दुकानवाल्यानं साधी दिली, मलेरियाची."

मी उभीच होते, बसले. "कुठली? पट्टीवर काय लिहिलंय वाच."

त्यानं वाचलं. तीच होती.

मी त्याला सुनेचं सांगितलं. तापाचं त्याला माहीत होतं, दर आठवड्याच्या गोळीचं नव्हतं.

"अक्का," तो म्हणाला, "ती गोळी पोटातल्या लेकराला... आईचं विसरलीस तू?"

"मी येते," मी म्हटलं. "फोनवर नको."

मुलाच्या स्कूटरवर मागे बसून गेले. या वयात आणि तशा दिवसांत. पदर तोंडावर, त्यावर मास्क. दोन ठिकाणी पोलिसांनी अडवलं. मुलानं चिठ्ठी दाखवली, एकानं सोडलं, दुसऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "अम्मा को कायकू लाये?" मी म्हटलं, "बहू पेट से है, दवा लानेकू जारूं." त्यानं काठी खाली घेतली.

भाऊ खाली उतरला नाही, जिन्याच्या वरच्या टोकाला उभा राहिला. मी खालच्या पायरीवर. मुलगा बाहेर स्कूटरपाशी थांबला. असे आम्ही बहीण-भाऊ, मधे सगळा जिना ठेवून बोललो. मी त्याला डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तापानं काय होतं ते. गोळी लवकर आली असती तर, तेही.

तो कठड्याला धरून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे दादांनी काही केलं नव्हतं."

आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. मी म्हटलं, "नाही. डॉक्टरांना तसंच वाटतं."

"ते मला एकदा म्हणाले होते," भाऊ म्हणाला. "मी कॉलेजात होतो तेव्हा. म्हणाले, मी आणली नसती तर तुला भाऊ असता. मी काय बोलणार होतो? मी काही बोललोच नाही, अक्का."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते कोणाशीच बोलले नाहीत. मी तोंडावरचा मास्क खाली ओढला, मला श्वास घेता येईना. तो वरून ओरडला, "मास्क, अक्का, मास्क!" आणि मी तो परत वर केला. आम्ही दोघंही रडत होतो आणि दोघांनाही एकमेकांच्या जवळ जायची भीती वाटत होती.

तो आत गेला. भावजयीचा आणि त्याचा आवाज आला, काय बोलले ते कळलं नाही. बाहेर येऊन त्यानं एक पट्टी पिशवीत घालून दोरीनं खाली सोडली.

"एकच देतो," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. "मला पण लागली तर, अक्का. माझं हृदय असं. रागावू नको."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्याच्याकडे आणखी होत्या. पण त्याच्या तोंडावर जे होतं ते मी त्याच्या पाचव्या-सहाव्या वर्षी पाहिलं होतं, स्वयंपाकघरात, कानांवर हात. मी म्हटलं, "नाही रागावत. तू घरात जा."

घरी आल्यावर पट्टीचा फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर येईपर्यंत सुनेनं पाणी भरून ठेवलं होतं. "हीच. आत्ता द्या," असं उत्तर आलं. ती जेवलेली नव्हती, मी घाईनं दहीभात कालवला, तिनं चार घास खाल्ले आणि गोळ्या घेतल्या. ती गिळताना मी तिच्या गळ्याकडे बघत होते. गोळ्या खाली गेल्या, मग मी बसले.

ती पट्टी पुरली, आणि ती संपायच्या आत डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून वस्तीतल्या सरकारी दवाखान्यातून पुढच्या गोळ्या मिळाल्या. तिथल्या डॉक्टरनं रिपोर्ट मागितला, दोनदा वाचला आणि मुलाच्या हातात पुडी ठेवली. ती गोळी करोनावर फारशी कामाची नाही, असं नंतर सगळेच म्हणायला लागले. दुकानांत ती पुन्हा दिसायला लागली.

उन्हाळा सरता सरता सुनेला कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलात एकालाच आत सोडत होते, मुलगा गेला. मी घरी राहिले. फोन हातात घेऊन खोलीभर फिरत होते. फोन आला तेव्हा मुलाच्या तोंडून आधी शब्दच फुटेना, आणि त्या क्षणभरात मी नको नको ते सगळं पाहून घेतलं. मग तो म्हणाला, "मुलगी झाली, आई. रडतेय, ऐक." मी ऐकलं. इतका बारीक, इतका चिडका आवाज!

वजन जरा कमी होतं, पण काळजीसारखं नाही म्हणाले. बाळाचं रक्त तपासलं, जंतू नव्हते. पण आमचं तेवढ्यानं संपलं नाही. यकृतात झोपलेल्यांना मारायचं ते औषध द्यायच्या आधी सुनेच्या आणि बाळाच्या दोघींच्या रक्तातली एक तपासणी लागते, कारण दुधातून ते बाळाला जातं, आणि काहींच्या रक्ताला ते सोसत नाही. तो रिपोर्ट यायला वेळ लागला. तोवर रविवारची गोळी चालूच. बाळंतिणीला मी डिंकाचे लाडू देत होते, आणि रविवारी वर ती कडू गोळी. बाळ मांडीवर घेऊन मी तिच्या इवल्या हातापायांना सारखी शिवायचे. ते गार लागले की माझा जीव जायचा. लहान बाळांचे हातपाय गारच असतात, सून म्हणायची. तिची भीती माझ्याआधी गेली.

दोघींचे रिपोर्ट चांगले आले. सुनेनं ते शेवटचं औषध पूर्ण घेतलं. त्यानंतर एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिला थंडी भरली नाही.

भाऊ नातीला बघायला आला तो पुष्कळ उशिरा, लशीचे दोन्ही डोस झाल्यावर. नात तेव्हा धरून धरून चालायला लागली होती. ती त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि त्याच्या खिशातला चष्मा ओढायला लागली. त्यानं चष्मा काढून तिच्या हातात दिला. मग मला म्हणाला, "अक्का, मी त्या बाकीच्या गोळ्या कधी घेतल्याच नाहीत. फेकून दिल्या." मी म्हटलं, "बरं केलंस, चहा घेतोस ना?" आणि मी चहा टाकायला आत गेले.